हलगीवाल्याची नजर

'सैराट'च्या गाण्यांसाठी अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला, याचं मराठी माणसाला अजून कौतुक आहे आणि ते रास्तच आहे. १९३९च्या 'विझार्ड ऑफ ऑझ'चं संगीत ज्या दालनात वाजलं, तिथे करमाळ्याकडच्या एका प्रेमकथेसाठी साठाहून अधिक वादक बसले. २९ एप्रिल २०१६ला चित्रपट लागला. 'झिंगाट'ने थिएटरातली माणसं खुर्च्यांवरून उठवली आणि पडद्यासमोर नाचवली. मग ही गाणी मिरवणुकीत आली, डीजेंनी त्यांची रिमिक्स केली आणि कोल्हापुरात महाद्वार रोडवर ती साऊंडच्या भिंतींतून घुमू लागली.

सिम्फनीचा वाद्यवृंद आणि नाचाचा इलेक्ट्रॉनिक ठेका यांच्या मिश्रणावर आपल्याकडे वाद झाला की तो लगेच दोन टोकांना जातो. एकाच्या मते हा सगळा धिंगाणा, दुसऱ्याच्या मते काळाबरोबर जायलाच हवं. दोघांचंही बोलणं संगीतात शिरण्याआधीच संपतं. मला विचारावंसं वाटतं ते एवढंच : हे संगीत वाजताना कुणाकडे बघतंय?

प्रश्न चमत्कारिक वाटेल, पण कोल्हापूरच्या माणसाला तो परका नाही. खासबाग मैदानात कुस्ती चालू असताना हलगीवाल्याकडे नीट बघावं. एका हातात जाड टिपरू, दुसऱ्या हातात बारीक लवचीक काडी, कातडं शेकून ताणलेलं. शेजारी घुमकं आणि कैताळ यांची साथ. त्याचे हात वाद्यावर असतात, डोळे मात्र हौद्यात. पैलवानांची खडाखडी चालू असते तोवर ठेका संथ, सारखा. एकाने पट काढला, कब्जा घेतला, की टिपरू दाबून पडायला लागतं आणि लय चढते. डाव सुटला तर ती पुन्हा खाली येते. कुस्ती चीतपट झाली की हलगी कडाडते आणि तिच्याबरोबर सगळं मैदान उठतं. ज्याला चित्रपटात पार्श्वसंगीत म्हणतात ते इथे प्रसंग घडत असतानाच जन्माला येतं, आणि तेही नाचायच्याच ठेक्यावर. अंगाला हलवणारा ताल आणि नाट्य फुलवणारं संगीत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असं या गावाने कधी मानलं नव्हतं.

बोलपटाची सुरुवातही इथे अशीच झाली. प्रभातचा 'अयोध्येचा राजा' १९३२चा, कोल्हापुरातच तयार झालेला. संगीत गोविंदराव टेंबे यांचं आणि हरिश्चंद्राची भूमिकाही त्यांचीच. पार्श्वगायन रुळण्याआधी नट कॅमेऱ्यासमोर गायचे आणि वादक चौकटीच्या जरा बाहेर बसून साथ करायचे. नटाने श्वास घेतला तर तो त्यांना दिसे. पुढे गाणं आधी ध्वनिमुद्रित होऊ लागलं, चित्रण नंतर. मग कानात टकटक करणारा क्लिक आला, त्यानंतर संगणक. प्रत्येक पायरीवर संगीत अधिक नेटकं झालं आणि वादक प्रसंगापासून एक पाऊल लांब गेला. मोठ्या स्कोअरिंग स्टेजवर पार्श्वसंगीत मुद्रित करताना वादकांमागे पडदा लावतात आणि त्यावर चित्रपट चालू ठेवतात, तो हे अंतर भरून काढण्यासाठीच. निदान वाद्यवृंद चालवणाऱ्याला तरी दृश्य दिसावं.

तेव्हा यंत्र आलं म्हणून बिघडलं, असं मी म्हणणार नाही. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत वर्षानुवर्षं साथ केलेल्या चरणजितसिंग यांनी १९८२ साली रोलँड कंपनीच्या तीन यंत्रांवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात वाजवले. या वादनाच्या तबकडीकडे तेव्हा कुणी फारसं वळलं नाही. पुढे शिकागोत 'ॲसिड हाऊस' म्हणून जे नाचसंगीत गाजलं त्याच्याशी तिचं नातं जगाला दोन दशकांहून अधिक काळाने कळलं. म्हणजे हा प्रयोग बाहेरून आपल्याकडे आला, असंही सरसकट म्हणता येत नाही. यंत्राचं वाद्यवृंदाशीही जमू शकतं. 'ट्रॉन : लेगसी' (२०१०) या चित्रपटासाठी डाफ्ट पंक या फ्रेंच जोडीने लंडनमध्ये सुमारे ८५ वादकांचा वाद्यवृंद बसवला. तिथे सिंथेसायझरची छोटी, पुन्हापुन्हा येणारी आकृती व्हायोलिन उचलतात, ब्रास तिला वजन देतात, मग ती परत यंत्राकडे जाते. दोघं एकमेकांचं बोलणं पुढे नेतात.

आता रिमिक्समध्ये काय होतं ते बघू. नाचसंगीत करणाऱ्यांची एक नेहमीची युक्ती आहे, तिला ते साईडचेन म्हणतात. किकचा, म्हणजे खालच्या ढोलाचा, ठोका पडला की बाकी सगळ्या वाद्यांचा आवाज आपोआप दबतो आणि ठोका सरला की वर येतो. मिनिटाला १२५ ठोके धरले तर जवळजवळ दर अर्ध्या सेकंदाला हे घडतं. 'याड लागलं'सारख्या गाण्यातला तंतुवाद्यांचा मोठा उठाव या यंत्रणेतून गेला की तो धापा टाकत वरखाली होऊ लागतो. चित्रपटाच्या मिक्सिंगमध्येही संगीत दाबतातच, पण ते पात्र बोलायला लागलं म्हणून. तिथे संगीत माणसासाठी जागा करतं, इथे ठोक्यासाठी. माझ्या मते या मिश्रणाचं सगळं बरंवाईट या एका फरकात आहे.

दुसरं नुकसान याहून मोठं. वाद्यवृंदाचा जीव हळू आणि मोठ्या आवाजातल्या अंतरात असतो. एकटी बासरी ऐकू येईल इतकी शांतता आधी असेल, तरच नंतर साठ वादक एकदम उठल्यावर अंगावर काटा येतो. मिरवणुकीसाठी ट्रॅक बनवताना हे अंतर दाबून सपाट करतात, कारण रस्त्यावर हळू भाग कुणाला ऐकूच जाणार नाही. मग जे उरतं त्यात वाद्यवृंदाचा नुसता रंग असतो. व्हायोलिनच्या सर्वांत खालच्या तारेचा स्वर १९६ हर्ट्झचा, आणि भिंतीचा सगळा जोर त्याहून कितीतरी खालच्या बेसवर. लांब उभ्या असलेल्या माणसापर्यंत तर तो रंगही पोचत नाही.

एकसारखा ठेका हाच दोष, असं कुणी म्हणालं तर मात्र मी अल्लादिया खाँसाहेबांकडे बोट दाखवीन. शाहू महाराजांच्या दरबारी राहून त्यांनी ज्या जयपूर-अत्रौली गायकीचं या गावात रोपण केलं, तिचा कणाच मुळी स्थिर लय हा. ठेका ढळत नाही, म्हणून तर मात्रेमात्रेला अडकवलेली पेचदार तान समेवर आली की दाद जाते. यंत्राचा न ढळणारा ठोका असाच वापरता येईल. त्यावर वाद्यवृंदाला वाकू द्या, आड जाऊ द्या, समेवर येऊ द्या. सध्या मात्र वाद्यवृंद त्या ठोक्याला फक्त होकार देतो.

'सैराट'चा शेवट आठवा. सगळं बळ हाताशी असताना त्या अखेरच्या दृश्यात ना वाद्यवृंद आहे, ना ठेका, ना कुठला सूर. ज्या प्रेक्षकांना याच चित्रपटाने आधी नाचवलं होतं, त्यांच्याकडून संगीत काढून घेतलं आहे. दिग्दर्शक व्ही. शांताराम यांनी १९३७च्या 'कुंकू'मध्ये पार्श्वसंगीत टाळून फक्त भोवतालच्या आवाजांवर काम भागवलं होतं, त्याच जातीचं हे धैर्य. नाचाचं संगीत आणि चित्रपटाचं संगीत एकत्र आणणाऱ्याला कुठे थांबायचं हे कळलं पाहिजे, आणि ते दृश्याकडे बघणाऱ्यालाच कळतं.

मिरवणुकीत नाचणाऱ्या पोरांना मी दोष देणार नाही. छातीत घुमणाऱ्या ठोक्याचं सुख खरं आहे, आणि हजार माणसं एका तालावर हलतात तेव्हा त्यांच्यातलं परकेपण थोडा वेळ तरी सरतं. वाईट वाटतं ते हे की त्यांच्या नाचाकडे वाजवणाऱ्याच्या बाजूने कुणी बघत नाही. ट्रॅक आधीच ठरलेला. चौकात गर्दी दाटली, कुणी म्हातारी बाई कान झाकून पायरीवर बसली, दवाखाना आला, तरी त्याला पत्ता नसतो. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. ती पाळली गेलीच पाहिजे, आणि कोल्हापुरात डॉल्बीमुक्तीसाठी, म्हणजे या भिंती हटवण्यासाठी, झटलेल्यांचे उपकारच मानायला हवेत. पण डेसिबलच्या मीटरला हलगी आणि भिंत सारखीच. आवाज कमी केला तरी वाजवणाऱ्याची नजर परत येत नाही.

ती परत आणायची एक वाट आज खुली आहे. अनेक डीजे ज्या एबलटन लाइव्ह या सॉफ्टवेअरवर काम करतात, त्याच्या २०२१मध्ये आलेल्या अकराव्या आवृत्तीपासून अशी सोय आहे की बाहेर वाजणाऱ्या तालवाद्याचा ठेका ऐकून संगणक आपली लय त्याच्यामागे नेतो. म्हणजे हलगीपुढे माइक लावला, तर सिंथेसायझर आणि वाद्यवृंदाचे मुद्रित तुकडे हलगीवाल्याच्या हाताबरोबर चढतील, उतरतील. कोल्हापुरात हलगीवाले आहेत, ध्वनीचं तंत्र जाणणारी तरुण मुलं आहेत, देवल क्लबसारखी १८८३पासूनची संस्था आहे. भिंत उभी करायला तालमी आणि मंडळं जी सुपारी मोजतात, तिच्यातला काही भाग एका वर्षी हलगीवाला, ऑपरेटर आणि चार-सहा व्हायोलिनवादक यांना महिनाभर एकत्र बसवण्यावर खर्च करून बघावा. सरावाच्या वेळी लय ठरवायचा अधिकार हलगीवाल्याकडे असावा, आणि त्याला नाचणारे दिसतील अशा जागी उभं करावं.