स्वस्ताईचें ऋण

परदेशीं राहणारा मुलगा सुटींत घरीं आला म्हणजे आमच्या वसईकडील घरांत पेटी उघडण्याचा एक लहानसा सोहळाच होतो. साबण, चॉकलेटें, मुलांचे कपडे, खेळणीं अशी एकेक वस्तु बाहेर निघते आणि तिच्याबरोबर तिची किंमतहि सांगितली जाते. "इतक्या थोडक्यांत मिळालें!" असें म्हणतांना आणणाऱ्याच्या मुद्रेवर दिसणारें समाधान आम्हांस परिचयाचें आहे. परंतु २००९ सालीं विलायतेहून आलेल्या एका स्नेह्यानें अशीच पेटी उघडली, तेव्हां निराळेंच वाक्य कानीं पडलें : "दुकान बुडालें, म्हणून निम्म्या किंमतींत मिळालें." दुसऱ्याच्या बुडण्यांत आपला लाभ पाहावा कीं नाहीं, हा प्रश्न तेव्हांपासून आमच्या मनांत घोळत आहे.

तें दुकान वुलवर्थचें होतें. वुलवर्थ नांवाच्या व्यापाऱ्यानें १८७९ सालीं अमेरिकेंतील लँकेस्टर येथें पांच सेंटांच्या वस्तूंचें दुकान यशस्वी करून दाखविलें आणि १९०९ सालीं लिव्हरपूल येथें इंग्लंडांतील पहिली शाखा उघडली. तेथें कित्येक वर्षें सहा पेन्सांहून अधिक किंमतीची वस्तु नसे. मजुराच्या मुलासहि मानानें कांहीं विकत घेतां यावें, ही सोय लहान नव्हे. पुढें इंग्लंडांतील ही पेढी कर्जांत रुतली व ६ जानेवारी २००९ रोजीं तिचीं शेवटचीं दुकानें बंद झालीं. आठशेंहून अधिक दुकानें गेलीं आणि सुमारें २७,००० माणसांची नोकरी सुटली. अखेरच्या विक्रीस मात्र गर्दी लोटली. मालाबरोबर मांडणीच्या फळ्याहि विकल्या गेल्या. अमेरिकेंत १९८२ पासून चाललेल्या 'नाइंटी-नाइन सेंट्स ओन्ली' या पेढीनेंहि २०२४ सालीं आपलीं सर्व ३७१ दुकानें बंद करण्याचें जाहीर केलें.

अशा विक्रींत माल घेणें पाप आहे, असें आम्ही म्हणत नाहीं. गिऱ्हाइकानें पाठ फिरविली तरी तेथील नोकराची नोकरी वांचत नाहीं. आणि आलेला पैसा निदान देणेकऱ्यांकडे जातो. शिवाय अशा दुकानांवर ज्यांचा संसार चालतो, त्यांस स्वस्ताई ही चैन नसून गरज असते, आणि दुकान मिटलें म्हणजे पहिला फटका त्यांसच बसतो. तेव्हां नीतीचा प्रश्न शेवटच्या दिवसाचा नव्हे. त्याआधींच्या वर्षांचा आहे. मोठ्या दुकानानें शेजारचीं लहान दुकानें मिटविलीं असतील, तर तें स्वतः मिटल्यावर त्या पेठेंत कोणीच उरत नाहीं. तेव्हां कळतें कीं जी बचत आपली म्हणून मोजली, तिच्यांत दुसऱ्याचें कांहीं होतें.

हें दूरदेशींचें म्हणून सोडून देतां येत नाहीं. त्याच २००९ च्या जुलैंत वसई-विरार महानगरपालिका स्थापन झाली. २०११ च्या जनगणनेंत तिची वस्ती १२ लाखांवर भरली. एवढ्या वस्तीस स्वस्त व विपुल माल देणारीं मोठीं दुकानें येथेंहि आलीं, आणि आम्हीहि तेथें जातों. त्यांत गैर तें काय? गैर एवढेंच, कीं महिन्याच्या अखेरच्या आठवड्यांत आम्ही कोपऱ्यावरच्या वाण्याकडे जातों आणि पगार हातीं आला कीं मोठ्या दुकानांत जातों. उधारी त्याच्या वहींत आणि रोकड दुसऱ्याच्या गल्ल्यांत! आजारपण, पाऊस, लांबलेला पगार या सर्वांत ज्यानें विश्वासानें माल दिला, त्याच्या वाट्यास आम्ही आपली अडचण तेवढी ठेवली.

काटकसर हा सद्गुण आहे. तिनें प्रथम आपली गरज मोजावी. परंतु दुसऱ्याच्या विश्वासाचा लाभ घेऊन त्याचें मोल तिसऱ्यास देणें याला काटकसर म्हणतां येणार नाहीं. तो कृतघ्नपणा होय. ज्यास रुपया रुपया मोजावा लागतो, त्यानें स्वस्त असेल तेथें खुशाल घ्यावें. त्याच्यावर आमचा आक्षेप नाहीं. ज्यांस निवड करण्याइतकी सवड आहे, त्यांनीं मात्र आपण कोणाच्या वहींत आहोंत हें विसरूं नये. आम्हीं स्वतःपुरता एक नेम केला आहे : पहिल्या तारखेची पहिली रोकड कोपऱ्यावर. त्यानें जगाचा व्यापार सुधारेल असा आमचा भ्रम नाहीं. पण त्या दुकानावरून जातांना आतां आम्हांस मान वळवावी लागत नाहीं.