हवा कमी, संशय जास्त

१८ जानेवारी २०१५. अमेरिकी फुटबॉलमध्ये पेट्रियट्सनी कोल्ट्सना ४५-७ असं लोळवलं. पण मध्यंतराला पेट्रियट्सचे तपासलेले अकराही चेंडू साडेबारा पीएसआय या किमान दाबाखाली निघाले.

हवा मुद्दाम काढली? चाहते शाळेतलं वायूचं समीकरण घेऊन भांडू लागले. उबदार खोलीतला चेंडू थंड मैदानात गेला की दाब आपोआप उतरतो. त्यात दाबमापकं दोन, आकडे वेगळे.

मऊ चेंडू म्हणजे लबाडीच, अशा हेतूला, म्हणजे पुराव्याला, न्याय हे भारतीय तर्कशास्त्र सव्यभिचार म्हणतं: जे सिद्ध करायचं ते नसतानाही तो आढळतो. अग्नी आहे म्हणून धूर असेलच असं नाही. तापल्या लोखंडात अग्नी असतो, धूर नसतो. तसाच मऊ चेंडू, लबाडीशिवायही.

लीगच्या चौकशीतल्या वेल्स अहवालाच्या तज्ज्ञांना मात्र थंडीचं कारण अपुरं वाटलं. निष्कर्ष मुद्दाम हवा काढल्याची ‘शक्यता अधिक’ एवढाच, तरी २०१६ मध्ये पेट्रियट्सचा क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी शिक्षा म्हणून चार सामने बाहेर बसला.