शेवटचं सोंग

होळी झाली की पालघर जिल्ह्यातल्या मोखाड्याला बोहाड्याचे वेध लागतात. जगदंबेचा उत्सव. रात्री संबळ वाजायला लागतो, टेंभे पेटतात आणि मुखवटे बांधलेली सोंगं ताल धरत, मागेपुढे होत रस्त्यातून सरकू लागतात. आधी गणपती, मग शारदा, त्यामागून देव, दैत्य, राक्षस. एक सोंग पुढे गेलं की माना लगेच मागे वळतात, आता कोण येतंय ते बघायला. ‘एवढं बघू आणि निघू’ असं म्हणत माणसं पहाटेपर्यंत तिथंच उभी असतात.

रील्स बघताना याहून वेगळं काही होत नाही. म्हणून ‘हल्लीच्या पोरांना धीरच नाही’ ही तक्रार मला पटत नाही. पुढं काय येतंय याची ओढ जुनीच आहे आणि तिच्यात वाईटही काही नाही. पण बोहाड्यात कुणामागून कोण येणार हे गावाला पाठ असतं. कुठलं सोंग कुठल्या घराचा मान, तेही माहीत असतं. शेवटी जगदंबा महिषासुराला मारते आणि बोहाडा संपतो. लोक घरी जातात, झोपतात. मोबाइलवरच्या रांगेत महिषासुर कधी मरतच नाही.

तो मरू नये अशी सोय मुद्दाम केलेली आहे. पूर्वी वेबपानाच्या तळाशी पोचलं की थांबावं लागे, ‘पुढील पान’ दाबावं लागे. तेवढ्या क्षणात जेवण राहिलंय, झोप राहिलीय हे आठवायला वाव मिळे. 2006 मध्ये अझा रास्किन या संगणक-रचनाकाराने तो तळच काढून टाकला. खाली सरकवत राहा, मजकूर येत राहील. पुढं त्याने स्वतःच याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. त्यात भर अनिश्चिततेची. दर वेळी दाणा मिळणाऱ्या कबुतरापेक्षा कधी मिळेल कधी नाही अशा स्थितीतलं कबुतर जास्त चिवटपणे चोच मारत राहतं, हे मानसशास्त्रज्ञ स्किनरच्या प्रयोगशाळेत फार पूर्वीच दिसलं होतं. दहातली नऊ रील्स टाकाऊ निघाली तरी दहाव्यासाठी अंगठा चालूच राहतो. टाकाऊ निघतात म्हणूनच चालू राहतो, असंही म्हणता येईल. आपल्याकडं 2016 ला जिओ आलं, डेटा स्वस्त झाला. जून 2020 मध्ये टिकटॉकवर बंदी आली आणि पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने रील्स आणली. रांग मोडली नाही, दुकान बदललं.

मोखाड्याच्या पाड्यांवर मात्र एक गंमत आहे. गंमत म्हणायची, पण आहे अन्याय. दरीतल्या पाड्यावर रेंज नसते. फोन घेऊन टेपावर चढावं लागतं, आणि वारा-पाऊस आला की खाली उतरावंच लागतं. रास्किनने काढून टाकलेला तळ इथं डोंगराने जपून ठेवलाय. पण त्याचं कौतुक शहरातल्या माणसाने करू नये. त्याच टेपावर रेशनच्या केवायसीसाठी म्हातारी माणसं चढतात, आणि टाळेबंदीत शाळा मोबाइलवर गेली तेव्हा रेंज नसलेल्या पाड्यांवरच्या पोरांची शाळाच बुडाली.

दिवाळीनंतर या पाड्यांवरची कितीतरी घरं भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. तिथं रेंज भरपूर. दिवसभर माती तुडवून झोपडीत आडवा झालेला पोरगा रात्री फोन उघडतो, तेव्हा त्याला ‘छंद जोपास, पुस्तक वाच’ सांगायला माझी तरी जीभ रेटत नाही. करमणूक म्हणून त्याच्या हाताशी दुसरं काय आहे? ना गाव, ना तारप्यावरचा नाच, ना चार रात्री जागवणारं सोंग.

एकट्याच्या निग्रहावर हे सुटेल असं मला वाटत नाही. बोहाडा संपवायलाही निग्रह लागत नाही. तो सगळ्यांचा एकदम संपतो. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने हे बरोबर ओळखलं. ऑगस्ट 2022 पासून तिथं संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजू लागला. तो वाजला की दीड तास घराघरात टीव्ही-मोबाइल बंद आणि मुलं अभ्यासाला. शेजारच्याचाही बंद आहे म्हटल्यावर आपलं काही चुकतंय ही हुरहुर राहत नाही.

मोखाडा आणि शेजारचा जव्हार आदिवासी भागासाठीच्या पेसा कायद्याच्या क्षेत्रात आहेत. इथल्या ग्रामसभेला मान आणि अधिकार दोन्ही आहेत. पण भोंग्याचा विषय कुणी काढलाच, तर पहिलं उत्तर येईल, ‘आधी टॉवर चालू करा, मग बंद कधी करायचं ते बघू.’ उत्तर चोख आहे. टॉवर आणि भोंगा, दोन्ही ठराव एकाच सभेत व्हावेत असं मी म्हणेन, कारण टॉवर आधी आला आणि सवय लागली की भोंग्याला हात वर करणारे उरत नाहीत. तरी एक अडचण राहतेच. दिवाळीनंतर निम्मा पाडा भट्टीवर असतो. तिथं भोंगा कुणी वाजवायचा, मालकाने?