मगरिब ते इशा: एक अमानत



सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ साली एक निर्णय घेतला. सायंकाळी ७ वाजता भोंगा वाजू लागला आणि दीड तास घरोघरी टीव्ही व मोबाइल बंद राहू लागले. मुलांनी अभ्यास करावा, माणसांनी परस्परांशी बोलावे, एवढाच हेतू.

आपल्या दासगावात मगरिबची अजान रोजच होते. तरीही सलाम फिरवताच हात मोबाइलकडे जातो. माझाही गेला आहे.

आरोग्य आणि फुरसत या दोन देणग्यांबाबत पुष्कळ लोक तोट्यात राहतात, असे पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांनी बजावले आहे. रात्री उशिरापर्यंत मोबाइल पाहणाऱ्या मुलाची झोप अपुरी राहते, फजर हुकते, दिवस चिडचिडीत जातो. पुढे तोच त्याचा स्वभाव बनतो.

आखातात राबणाऱ्या वडिलांशी मुलांनी मोबाइलवर अवश्य बोलावे. ते नाते जोडणेच आहे. त्यानंतर मात्र तो बाजूला ठेवावा, आणि प्रथम थोरांनी ठेवावा. मुलाच्या हातातून तो घेण्यापूर्वी आपला हात रिकामा हवा.

वेळ ही अल्लाहची अमानत आहे. तिचा हिशेब द्यावयाचा आहे. आज मगरिबपासूनच आरंभ करूया. अल्लाह आपणा सर्वांना सद्बुद्धी देवो. आमीन.