सैल केलेली तार

परवा तिसरी पाळी सुटली आणि चहाच्या गाड्यावर एक कार्यकर्ता दोस्त भेटला. त्यानं माझा हेडफोन काढून आपल्या कानाला लावला आणि दोन मिनिटांत तोंड वाकडं केलं. म्हणाला, "च्यायला, हे गाणं आहे का म्हशीचं रेकणं? पोट भरलेल्या गोऱ्या पोरांची थेरं ही. तुझा याच्याशी संबंध काय?"

रात्रभर उभा होतो. डोळे मिटत होते. उत्तर दिलं नाही. पण प्रश्न चोख आहे, आणि तो एकट्या त्याचा नाही. म्हणून इथं लिहितो.

तो जे ऐकून वैतागला ती 'अंबिलिकल' नावाच्या संग्रहातली गाणी. दहा आहेत. ३१ मे २०२४ ला आली. वाजवणारे अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यातले, बॅटन रूज शहराचे. २००५ पासून वाजवतात. बँडचं नाव 'दाउ'. जुन्या इंग्रजीत दाउ म्हणजे तू. तुम्ही नव्हे, आपण नव्हे, तू. आई हाक मारते तो तू, आणि गचांडी धरून जाब विचारतात तोही तूच.

त्यांच्या संगीताला डूम म्हणतात आणि स्लज म्हणतात. डूम म्हणजे न टळणारा नाश. स्लज म्हणजे गाळ. डाईंगच्या नाल्याच्या तळाला बसतो तसला, काळा, चिकट, पाय घातला की लवकर वर न येणारा. गिटारीच्या तारा सैल सोडलेल्या, आवाज खर्जात, चाल जड, आणि गाणारा गात नाही, किंचाळतो. या संग्रहात ते आधीपेक्षा जरा जोरात धावतात, पण खाली बसायची खोड जात नाही. शब्द इंग्रजी बोलणाऱ्यांनाही कानानं कळत नाहीत, छापलेले वाचावे लागतात. माझं इंग्रजी डिक्शनरीतलं. तेव्हा या बाबतीत ते आणि मी एका पायरीवर. ही समता मला आवडली.

माझा संबंध आधी कानाचा आहे. मी सूतगिरणीत रिंगखात्यात सायडर. चाती मिनिटाला पंधरा-सोळा हजार फेरे घेते. आठ तास तो किर्र आवाज. असल्या आवाजात माणसाचा कान एकदम जात नाही. आधी वरचे सूर जातात, चार हजार हर्ट्झच्या आसपासचे. पाखरांचा चिवचिवाट जातो, बोलण्यातले 'स' आणि 'श' पुसट होतात. खर्ज मागं राहतो. आमच्या खात्यातल्या जुन्या माणसांशी त्यांच्या घरची माणसं ओरडून बोलतात. शेजाऱ्यांना वाटतं भांडण चाललंय. तर हे संगीत कानात जिथं शिरतं, ती जागा गिरणीनं अजून खाल्लेली नाही. आणि गिरणीत सावकाश हा गुन्हा आहे. धागा तुटला, सांधायला उशीर झाला, की जॉबर मागं उभा. इथं माणसं मुद्दाम सावकाश वाजवतात आणि त्यांच्या मागं कोणी उभं नाही. मला यातच निम्मं सुख मिळतं, खोटं कशाला बोला.

आता 'पोट भरलेल्या पोरांची थेरं'. हा आवाज आला कुठून ते बघा. इंग्लंडात बर्मिंगहॅम हे लोखंडाचं, पत्र्याचं, कारखान्यांचं शहर. तिथं टोनी आयोमी नावाचा सतरा वर्षांचा पोरगा पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. १९६५ ची गोष्ट. त्या दिवशी त्याचा कामाचा शेवटचा दिवस. दुसऱ्या दिवसापासून बँडबरोबर युरोपात वाजवायला जायचं ठरलेलं. दुपारी जेवायला घरी आला आणि म्हणाला, आता परत जात नाही. आई म्हणाली, दिवस पुरा करून ये. प्रेसवरचा माणूस त्या दिवशी आला नव्हता, म्हणून याला प्रेसवर उभा केला. प्रेस खाली आली. उजव्या हाताच्या मधल्या आणि तिच्या शेजारच्या बोटाची टोकं गेली. पोरगा डावखुरा. म्हणजे तारा दाबायची बोटं नेमकी हीच.

गिटार विसर, असंच त्याला सांगण्यात आलं. कारखान्यातला एक वरचा माणूस मात्र त्याला एक रेकॉर्ड घेऊन भेटायला गेला. जँगो राइनहार्ट या रोमा वादकाची. रोमा म्हणजे युरोपातली पालं टाकून हिंडणारी, हाकललेली जमात. १९२८ मध्ये जँगोच्या राहत्या गाडीला आग लागली, डाव्या हाताची दोन बोटं कामातून गेली आणि उरलेल्या दोन बोटांवर तो जगभर गाजला. ते ऐकून आयोमीनं साबणाची प्लॅस्टिकची बाटली वितळवली, बोटांना टोपणं केली, जुन्या जाकिटाचं कातडं कापून वर चिकटवलं. त्या टोपणांना तार जाणवत नव्हती. म्हणून बारीक तारा लावल्या. पुढं तारा सैल केल्या. १९७१ च्या 'मास्टर ऑफ रिॲलिटी'मध्ये गिटार, पेटीच्या काळ्या-पांढऱ्या मिळून तीन पट्ट्या खाली उतरली. सैल तारेचा आवाज जड येतो हेही त्याला आवडलंच. दुखणं आणि आवड यांची तिथं गाठ पडली. त्या बँडचं नाव ब्लॅक सॅबथ. पहिली रेकॉर्ड १३ फेब्रुवारी १९७० ला आली. गाणारा ऑझी ऑस्बोर्न, तो कत्तलखान्यात काम करून आलेला. ५ जुलै २०२५ ला ते आपल्याच गावात शेवटचे वाजले आणि त्याच महिन्याच्या २२ तारखेला ऑझी मेला.

कत्तलखान्यातला गडी आणि बोटं गेलेला पत्राकामगार. दोस्ता, हे पोट भरलेले?

तिथून हा आवाज अमेरिकेत गेला, तिथल्या पंक पोरांनी तो आणखी मळवला. न्यू ऑर्लीन्समध्ये आयहेटगॉड नावाचा बँड १९८८ मध्ये उभा राहिला, शेजारी आणखी काही. बॅटन रूजपासून न्यू ऑर्लीन्सपर्यंत मिसिसिपीच्या दोन्ही काठांना दीडशेच्या आसपास तेलाचे आणि रसायनांचे कारखाने आहेत. आधी त्याच जमिनीवर उसाचे मळे होते, गुलाम राबायचे. आज कारखान्यांच्या धुरात त्यांच्याच वंशातल्या काळ्या लोकांच्या वस्त्या आहेत. त्या पट्ट्याला लोक कॅन्सरची गल्ली म्हणतात. दाउ त्या नदीचे.

पण मला लिहायचंय ते वेगळंच. 'अंबिलिकल' म्हणजे नाळेसंबंधीचं. आपल्यातला एखादा मोर्च्याला येईनासा होतो, शहरात फ्लॅट घेतो, बोलताना खाली बघायला लागतो, तेव्हा आपण काय म्हणतो? त्याची नाळ तुटली. या बँडनं तोच शब्द घेतला आणि स्वतःवर लावला. गाण्यांसोबत त्यांनी एक निवेदन काढलं. त्याचा मतलब असा, की हे माथेफिरूंसाठी आहे, हद्दपारांसाठी आहे, सुखसोयींपुढं आणि चांदीच्या नाण्यांपुढं जे वाकले नाहीत त्यांच्यासाठी आहे. आणि सगळ्यात जास्त त्यांच्यासाठी आहे जे तडजोडीच्या जखमांनी वाकलेत आणि आता पुन्हा सचोटीकडं हात लांबवतायत. पहिल्या ओळी मी छाती काढून वाचल्या. शेवटच्या ओळीला आलो तर तिथंही मीच उभा.

जवळजवळ वीस वर्षं वाजवल्यावर ही माणसं आपल्याच तरणेपणाला आपल्याविरुद्ध साक्षीला बोलावतात. तरणा म्हणतो, तू काय बोलला होतास आणि आता काय करतोस? किंचाळतो तो, आणि ज्याच्यावर किंचाळतो तोही तोच.

इथं मी अडतो. तरण्याला हा हक्क दिला कुणी?

मी एकोणीस वर्षांचा होतो तेव्हा वाचनालयाच्या खोलीत आम्ही तिघांनी शपथ घेतली. जॉबर व्हायचं नाही. बदलीवाल्याला हाकलला तर त्याच्या जागी ओव्हरटाइम करायचा नाही. पुढाऱ्यासाठी एक ओळ लिहायची नाही. फार झकास वाटलं होतं. पण तेव्हा मला जॉबर कोण करणार होतं? माझी ओळ कोण विकत घेणार होतं? जे कोणी देतच नाही ते नाकारायला किंमत पडत नाही. एकोणीसचा मी शूर होता, कारण त्याच्या खिशात सोडायला काही नव्हतं. असल्या न्यायाधीशासमोर मी सव्वीसाव्या वर्षी का उभा राहू?

असं म्हणून सुटता येतं. मीही काही दिवस सुटलो होतो. मग आयोमीची तार आठवली.

तार सैल करणं हीही तडजोडच. तो म्हणू शकला असता, पूर्वीसारखीच ताणीन, नाहीतर वाजवणार नाही. तो वाकला. आणि त्या वाकण्यातून जो आवाज आला तो ताणलेल्या तारेला कधी आलाच नसता. म्हणजे तडजोड म्हटली की गद्दारी असं नाही. बोट दुखतं म्हणून तार सैल करणारा वेगळा, खुर्ची मऊ लागली म्हणून कणा सैल करणारा वेगळा. पहिल्याचं वाजवणं चालू राहतं. दुसऱ्याच्या हातात वाद्यच राहत नाही. राहतो तो वाद्यासोबतचा फोटो.

हे मला पटलं होतं. एका मीटिंगीत बोललोही, टाळ्या पडल्या. घरी आलो आणि लक्षात आलं की यात मोठं भोक आहे. आपली तडजोड खुर्चीची आहे असं म्हणणारा माणूस मला आजवर भेटलेला नाही. प्रत्येक जण बोट पुढं करतो. पोरांच्या फिया, बापाचं आजारपण, बहिणीचं लग्न. आणि बहुतेकांची बोटं खरीच दुखत असतात. तिथंच घोळ आहे.

दाउच्या या गाण्यांवर माझा एक राग आहे, तोही सांगून टाकतो. स्वतःला फटके मारून घेण्यात एक मजा असते. पोतराज पाहिलाय ना? अंगावर आसूड ओढतो, दंड फुगवतो, सोबतची बाई सूप पुढं करते. बघणारे दाणे टाकतात आणि हलके होऊन घरी जातात. फटके त्याला, मोकळीक गावाला. पश्चात्तापाची गाणी ऐकणाऱ्याचं असंच होऊ शकतं. पाऊण तास कानात मार खाल्ला, डोळे ओले झाले, आता चला जेवायला. मला तर असंही वाटतं, की ज्याला उद्या पुन्हा तेच करायचंय त्याला आज असली गाणी फार आवडतात. बँड पोतराज आहे का? मला नाही वाटत. त्यांनी आपलं बरंचसं संगीत फुकट उतरवून घ्यायला ठेवलं, सूप काही फार पुढं केलं नाही. पण ऐकणारा गाव होऊ शकतो. मी झालोय.

गेल्या वर्षी आईच्या डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. ऑपरेशन सरकारी दवाखान्यात फुकट झालं. चष्मा, औषधं, येण्याजाण्याचं भाडं, खाड्याचा पगार गेला तो वेगळा. त्याच आठवड्यात एका पुढाऱ्याचा माणूस आला. साहेबांचा वाढदिवस, फलकावर चार ओळी पाहिजेत, कवीच्याच पाहिजेत. अडीच हजार. मी लिहून दिल्या. नाव घालू नका म्हटलं, तेवढीच माझी शपथ उरली होती. आईचा चौदाशे खर्च झाला. हे बोट दुखण्याचं. अकराशे उरले. ते परत करता आले असते. निदान पुढच्या महिन्याच्या किराण्याला ठेवता आले असते. मी नऊशेचा हेडफोन घेतला. परवा दोस्तानं माझ्या कानावरून काढला तो हाच. सचोटीची गाणी मी त्यातून ऐकतो.

तेव्हा एकोणीसच्या पोराबद्दल माझं मत असं झालंय: शिक्षा द्यायचा अधिकार त्याला नाही, त्यानं काही सोसलेलं नाही. पण हिशेब विचारायला त्याच्याइतका चांगला माणूसही नाही, कारण त्याला अजून कुणी काही दिलेलं नाही. तो विचारतो, चौदाशे समजले, अकराशेचं काय? हा आकडा दुसऱ्या कुणाला माहीत नाही. आईलाही नाही. गाण्यातली किंचाळी ऐकून मी रडलो ती रात्र त्यानं मोजली नाही. आकडा विचारला.

चार दिवसांपूर्वी त्या माणसाचा परत फोन आला. आता निवडणुकीसाठी पाहिजे. सहा ओळी, पाच हजार, नाव घातलं तर आणखी वर. आईचा उजवा डोळा अजून व्हायचाय. मी म्हणालो, पाळीवर चाललोय, सुटलो की सांगतो. सुटून तीन दिवस झाले. त्याचा दोनदा मिस्डकॉल येऊन गेला.