एकवीस दिवसांचं काम

सर्जनने ऑपरेशनची तारीख दिली ती एकवीस दिवसांनंतरची. भिलाईत कोहक्याला घरी परतलो, यांनी चपला काढल्या आणि रोजच्यासारखे अंगणात झाडांना पाणी घालायला गेले. मी पाइप त्यांच्या हातातून काढून घेतला. म्हटलं, “तुम्ही आता फक्त पडून राहायचं.” पुढचे सहा दिवस मी जे जे केलं ते सगळं या एकाच वाक्यातून निघालं.

मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूला गाठ होती. हिमोग्लोबिन साडेआठ. वर्षभर जिना चढताना यांना दम लागायचा आणि आम्ही दोघं तो वयाच्या खात्यावर टाकत होतो. उजव्या बाजूची गाठ बरेचदा अशीच गुपचूप असते. तिथे आतडं रुंद असतं, म्हणून शौचाला लवकर अडत नाही. रक्त डोळ्यांना न दिसता थोडं थोडं जात राहतं आणि माणूस फिका पडत जातो.

पहिली भीती त्या एकवीस आकड्याची होती. कॅन्सर म्हटला की उद्याच कापून काढायला हवा, हे मला कुणी शिकवलं नव्हतं, पण ठाम माहीत होतं. हा समज कुठून आला ते नंतर कळलं. शस्त्रक्रियेखेरीज फारसा दुसरा उपाय नव्हता त्या काळात, 1913 मध्ये, अमेरिकेत डॉक्टरांनी आणि इतरांनी मिळून एक संस्था काढली आणि पुढे अनेक वर्षं एकच गोष्ट लोकांच्या कानीकपाळी ओरडून सांगितली : उशीर करू नका. लोक लाजेने, भीतीने गाठी लपवत, त्यामुळे ते सांगणं योग्यच होतं. पण तो उशीर डॉक्टरकडे जायचा होता. निदान झाल्यानंतर तयारीला लागणारे दिवसही त्याच शब्दात कधी मिसळून गेले, ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. सर्जनने आम्हाला कागदावर आतडं काढून समजावलं. असली गाठ छोट्या पॉलिपपासून इथवर यायला बहुधा दहाएक वर्षं घेते, आणि आतडं बंद पडलेलं किंवा फुटलेलं नसेल तर तयारीचे तीन आठवडे सहसा नुकसान करत नाहीत. मी मान हलवली. विश्वास मात्र बसला नाही.

म्हणून मी त्या दिवसांना नुसती वाट पाहणं समजले, आणि वाट पाहणाऱ्या आजारी माणसाला जपायचं असतं. नागपूर-अमरावतीहून फोन यायचे, प्रत्येकाचं सांगणं विश्रांतीचंच. शिरा, तूप, पलंग, पडदे ओढलेले. अहवालांची फाइल मी कपाटात कुलूपबंद केली. माणूस गेल्यावर मागे राहिलेल्याने काय करावं, याची मोठी उत्तरं आपल्याकडे आहेत. मेहेरबाई टाटा 1931 मध्ये ल्युकेमियाने गेल्या. पुढच्याच वर्षी त्यांचे पती सर दोराबजीही गेले, पण त्यांनी मागे ठेवलेल्या ट्रस्टमधून 1941 मध्ये परळचं टाटा हॉस्पिटल उभं राहिलं. मला त्यांचा आधार वाटायचा आणि त्याच क्षणी अंगावर काटाही यायचा, कारण ते सगळं नंतरचं होतं. माझा माणूस शेजारच्या खोलीत जिवंत होता. आजच्या मंगळवारी मी त्याच्यासोबत काय करायचं, एवढाच माझा प्रश्न होता.

सातव्या दिवशी सकाळी हे उठले आणि नोकरीतली जुनी वही मागितली. “अगं, फर्नेस बंद करतात त्या दिवशी कुणी कामाचा विचार सुरू करतं का?”

यांचे वडील अकोल्याहून भिलाईला आले ते पोलाद कारखान्याच्या सुरुवातीच्या दिवसांत. 4 फेब्रुवारी 1959 ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिल्या ब्लास्ट फर्नेसचं उद्घाटन झालं, ती गर्दी आमच्या सासऱ्यांनी पाहिलेली. यांची सगळी नोकरी फर्नेसच्या मेंटेनन्समध्ये गेली. कॅपिटल रिपेअर, म्हणजे फर्नेस बंद करून केलेली मोठी दुरुस्ती, मला लग्नानंतर जेवणाच्या ताटावर कळत गेलेली. फर्नेस थंड करायच्या कितीतरी महिने आधी कामांची यादी होते. कुठला स्पेअर कुठे येऊन पडला आहे, क्रेन कुठून वळेल, कुठल्या पाळीला कोण, परमिट कुणाच्या सहीचं. “शटडाऊनमध्ये नवं काही सुचत नाही,” हे म्हणाले. “आधी ठरलेलंच होतं. जे ठरलं नाही ते राहून जातं.” आणि मग जरा थांबून, “तू मला आत्ताच बंद करून ठेवलंयस.”

हे वाक्य मला लागलं. अजून लागतं.

त्या दिवसापासून मी वाचायला लागले, आणि माझ्या लक्षात आलं की वैद्यकशास्त्रही जपण्याकडून तयारीकडे याच वाटेने, माझ्याहून पुष्कळ सावकाश, आलेलं आहे. 1946 मध्ये न्यूयॉर्कच्या मेंडेलसन नावाच्या डॉक्टरांनी बाळंतिणींच्या बाबतीत दाखवून दिलं, की भुलीत पोटातलं फुप्फुसात गेलं तर जीव धोक्यात येतो. त्यानंतर ‘रात्री बारानंतर पाण्याचा थेंबही नाही’ हा नियम जगभर घट्ट बसला. 1999 मध्ये अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने सांगितलं, की निरोगी माणसाला नियोजित ऑपरेशनच्या दोन तास आधीपर्यंत स्वच्छ पातळ पेय चालतं. दरम्यान 1997 मध्ये डेन्मार्कच्या हेन्रिक केलेट यांनी साधा दिसणारा प्रश्न लेखात मांडला : ऑपरेशन नीट पार पडूनही माणूस इतके दिवस आजारी का राहतो? उत्तर शोधता शोधता उपाशी ठेवणं, झोपवून ठेवणं, नळ्या लावून ठेवणं, अशा कितीतरी जुन्या सवयी सुटल्या.

मग प्रश्न आणखी मागे, ऑपरेशनच्या आधीच्या दिवसांकडे सरकला. कॅनडात माँट्रियलला फ्रांचेस्को कार्ली यांच्या गटाने 2014 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मोठ्या आतड्याच्या आणि गुदाशयाच्या कॅन्सरचे 77 रुग्ण घेतले होते. सगळ्यांना कार्यक्रम एकच : चालणं आणि व्यायाम, प्रथिनं, मन शांत करण्याचे उपाय. निम्म्यांनी तो ऑपरेशनच्या सुमारे चार आठवडे आधी सुरू केला, निम्म्यांनी नंतर. आठ आठवड्यांनी आधीवाल्यांपैकी 84 टक्के पहिल्याइतके किंवा त्याहून जास्त चालू शकत होते, नंतरवाल्यांपैकी 62 टक्के. प्रयोग लहान आहे, आणि कॅन्सर परत येईल की नाही याबद्दल तो अवाक्षर काढत नाही, हे मी स्वतःला बजावत होते. पण दोन्ही गटांत फरक फक्त ‘कधी’ याचा होता, आणि यांच्या वहीतलंही तेच होतं.

डॉक्टरांना विचारून घेतलं आणि सुरुवात केली. दोनदा शिरेतून लोह दिलं. पहाटे जुनवानीच्या रस्त्याने चालणं, पहिल्या दिवशी आठ मिनिटं, दम लागेल तिथे थांबायचं. शिऱ्याच्या जागी अंडी, दूध, घट्ट वरण. श्वासाच्या व्यायामाचं ते तीन गोळ्यांचं यंत्र यांनी खिडकीत ठेवलं. पहिला गोळा वर जायचा, दुसरा थरथरायचा. तिसरा गोळा हलला त्या दिवशी मला हाक मारून दाखवलं.

फाइल मी कपाटातून काढून टेबलावर ठेवली. तेव्हा कळलं, की पोटावर पिशवी लागेल का हा प्रश्न यांच्या मनात पहिल्या रात्रीपासून होता. यांना त्रास नको म्हणून मी तो डॉक्टरांपुढे काढला नव्हता, आणि मला त्रास नको म्हणून हेही गप्प होते. दोघं एकाच पलंगावर एकाच गोष्टीला घाबरत, पाठमोरे. यांनी स्वतःच फोनवर विचारलं. सर्जन म्हणाले, उजव्या बाजूला आतडं बहुतेक वेळा तिथल्या तिथे जोडता येतं, पण शब्द देत नाही. तो ‘पण’ ऐकूनही हे त्या रात्री झोपले.

मी झोपले नाही. काम यांच्या हाती गेल्यावर माझे हात रिकामे झाले होते, आणि सहा दिवस धावपळीखाली दडपून ठेवलेली भीती आता मोकळी बसायला आली. जपणं हे यांच्यासाठी जेवढं होतं तेवढंच माझ्यासाठी होतं, हे मान्य करायला मला बरेच दिवस लागले.

ऑपरेशनसाठी निघायच्या आदल्या संध्याकाळी यांनी वही पुन्हा उघडली. दोन रकाने होते, यांचा आणि माझा. पेन्शनचे कागद, गॅसचा नंबर, टाकीचा व्हॉल्व्ह, नागपूरची तिकिटं, सगळ्यांपुढे बरोबरची खूण. माझ्या रकान्यात सर्वांत खाली यांच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘रात्री झोपणे’. पेन उचलून यांनी माझ्याकडे पाहिलं. मी नाही म्हणून मान हलवली. यांनी ती ओळ तशीच ठेवली, वही पिशवीत घातली आणि झाडांना पाणी घालायला गेले.