चालू आहे, पण…

ऑफिसात सगळ्यांचंच इंटरनेट बंद पडलं तर फारशी काळजी नसते. पाच मिनिटांत आरडाओरडा होतो, कुणीतरी फोन लावतं, काम मार्गी लागतं. पंचाईत होते ती एकाच कॉम्प्युटरचं नेट संथ झालं की. बाकीचे मजेत असतात, त्यामुळे त्या एकाची तक्रार कुरकुर ठरते. "आमचं तर मस्त चाललंय!" असं शेजारच्या टेबलावरून ऐकू येतं आणि विषय तिथेच मिटतो.

खरं तर ‘आमचं चाललंय’ या दोन शब्दांत अर्धं निदान झालेलं असतं. शेजाऱ्याचं चालतंय, म्हणजे रस्त्यावरून आलेली फायबर ठीक, राउटर ठीक, सेवा देणारी कंपनीही ठीक. बिघाड बहुधा याच टेबलाच्या आसपास, चार पावलांत आहे.

तोक्योच्या एदोगावा भागातल्या फुनाबोरीत असा प्रसंग कल्पायला मराठी माणसाला अवघड जात नाही. २००० साल उजाडण्याच्या सुमारास कॉम्प्युटरमधल्या तारखांच्या ‘वायटूके’ अडचणीच्या कामासाठी भारतातून इंजिनिअर आले आणि अनेकांनी एदोगावात बिऱ्हाडं थाटली. वस्तीचा मुख्य भर निशिकासाईत, पण फुनाबोरीतही भारतीय चेहरे रोजचे आणि इस्कॉनचं मंदिरही इथलंच. याच एदोगावातून २०१९ साली योगेंद्र पुराणिक स्थानिक सभेवर निवडून आले. अशा वस्तीत ‘नेट स्लो आहे, जरा बघतोस का?’ हा निरोप कुणाला ना कुणाला येतच असणार.

जाणता माणूस आल्या आल्या सेटिंग खणत बसत नाही. तो आधी अदलाबदल करतो, आणि एका वेळी एकाच गोष्टीची. शेजारची केबल इथे लावून बघतो. मग स्विचवरचा पोर्ट बदलतो. मागे कुठे अपडेट किंवा बॅकअप गुपचूप चाललाय का, तेही पाहतो. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर नेट सुधारेल, पण कशामुळे सुधारलं ते कळणार नाही, आणि महिन्याभराने तेच दुखणं पुन्हा उभं राहील.

मग तो नेटवर्कच्या माहितीत एक आकडा पाहतो. इतर कॉम्प्युटर १००० एमबीपीएसवर जोडलेले, हा एकटा १०० वर. आता टेबलाखाली वाकायचं. खुर्चीच्या चाकाखाली येऊन येऊन केबल एका जागी चपटी झालेली असते, आतली एखादी तार तुटलेली असते.

केबलमध्ये एकमेकींना पीळ दिलेल्या तारांच्या चार जोड्या असतात. १००० च्या वेगाला चारही लागतात, १०० ला दोन पुरतात. उरलेल्या दोन जोड्यांपैकी एखादी निकामी झाली, तर आजकालची बरीच उपकरणं जोडणी तोडत नाहीत. दोन्ही टोकं आपसांत ठरवून कमी वेगावर येतात आणि काम सुरू ठेवतात. पडद्यावर सूचना येत नाही. पोर्टवरचा दिवा लुकलुकत राहतो. मेल येतात, पानं उघडतात, मोठी फाइल घ्यायची वेळ येते तेव्हाच जीव मेटाकुटीला येतो.

अशा वेळी पिंगही फसवतं. १९८३ च्या डिसेंबरात अमेरिकेत माइक मूस यांनी नेटवर्कमधली एक अडचण शोधायला हा छोटा प्रोग्रॅम लिहिला. पलीकडचं यंत्र जागेवर आहे का, हे तो चटकन सांगतो. पण ‘आहेस का?’ एवढंच तो विचारतो. उत्तर वेळेवर येतं आणि आपण निर्धास्त होतो.

माणसांच्या बाबतीत आपली चौकशीही बहुधा पिंगएवढीच असते. पुण्याच्या ऑफिसात मीटिंग गाजवणारा मुलगा तोक्योत येतो आणि जपानी बोलणाऱ्या दहाजणांत गप्प बसतो. मनात मुद्दा तयार असतो, पण तो त्या भाषेत मांडेपर्यंत चर्चा पुढे सरकलेली असते. मग तो जेमतेम लागेल तेवढंच बोलायला शिकतो. रोज वेळेवर येतो, मान हलवतो, दिलेलं काम करतो. साहेबांच्या लेखी तो ‘जरा संथ’ ठरतो. हुशारी कुठेच गेलेली नसते, दोन जोड्या तेवढ्या बंद असतात. तोच मुद्दा त्याला आदल्या दिवशी लिहून द्यायला सांगितला, तर त्याचा खरा वेग दिसेल.

घरातही हेच होतं. नव्याने आलेली सून, निवृत्त झालेले वडील, शाळा बदललेलं पोर. कुणी बंद पडलेलं नसतं, म्हणून कुणाचं लक्ष जात नाही. आणि कमी वेगाचं एक वाईट असतं, काही दिवसांनी ते ज्याचं त्यालाच अंगवळणी पडतं. मग आपला स्वभावच असा आहे, असं तोही सांगू लागतो.

म्हणून एकटाच कुणी मागे पडलेला दिसला, तर त्याच्यावर शिक्का मारण्याआधी त्याची जागा, काम, सोबत यांपैकी एखादी गोष्ट बदलून बघावी. आणि "सगळं ठीक चाललंय ना?" असं विचारू नये, कारण त्याचं उत्तर ‘हो’ असंच येतं. "कुठे अडतंय?" असं विचारावं आणि उत्तर येईपर्यंत थांबावं.